तंबोऱ्यासाठी कॅमेरा



एरवी मला इथे कविता वाचायला बोलावतात. आज मी कॅमेऱ्याविषयी बोलणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर, यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण गेल्या वर्षी माझ्या भाच्यासोबत एक छोटा कॅमेरा निवडताना ज्या चुका झाल्या आणि जे शिकायला मिळालं, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल. आजकाल घरोघरी एखाद्या मुलाला व्लॉग करायचा असतो, म्हणजे स्वतः बोलत बोलत आपलं काम, आपलं गाव चित्रित करून लोकांना दाखवायचं असतं. आणि पैसे मात्र मोजकेच असतात.

माझी धाकटी बहीण मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरात दिली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. भाच्याचे दादा, म्हणजे आजोबा, ऐंशीच्या घरातले. ते अजून जवारी लावतात. घोडी कानशीने अगदी हलकी घासायची, तारेखाली सूत सरकवायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. हे काम कुठल्याही पुस्तकात वाचून येत नाही, ऐकूनच शिकावं लागतं. आणि आता दादांना डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलंय. भाचा मला म्हणाला, ‘‘मामू, दादांचं काम आत्ताच टिपून ठेवलं पाहिजे. ५० हजार साठवलेत. कॅमेरा कोणता घेऊ?’’

आधी त्याने मोबाइलवर प्रयत्न केला होता. परगावच्या एका शिष्याला व्हिडिओ कॉलवरून तंबोरा ऐकवायला गेला, तर पलीकडे काहीच ऐकू जाईना. बोलणं स्पष्ट यावं म्हणून ही यंत्रणा सतत चालणारा आवाज गोंगाट समजून पुसून टाकते. आणि तंबोऱ्याचा तर धर्मच सतत वाजण्याचा! मग त्याने मोबाइलवर नुसतं चित्रण केलं. तार छेडली की आवाज ठीक यायचा, पण झंकार विरत गेला की मोबाइल आपणहून आवाज वाढवायचा. जवारीच्या शेवटच्या लहरींऐवजी छताचा पंखा ऐकू यायचा.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की आपण कॅमेरा शोधत नाही आहोत, कान शोधतो आहोत.

बाजारात या कामासाठी छोटे कॅमेरे बरेच आहेत. आमच्यापुढे नवे दोन होते. एक कॅननचा पॉवरशॉट व्ही१०, २०२३ सालचा. वजन जेमतेम २११ ग्रॅम, मागे स्वतःचीच टेकण. दुसरा सोनीचा झेडव्ही-१एफ, २०२२ सालचा. आणि जुना, वापरलेला घ्यायचा तर सोनीचाच झेडव्ही-१, २०२० सालचा. तिघांनाही ‘एक इंची’ सेन्सर आहे. नाव एक इंची, मोजला तर रुंदी सुमारे १३ मिलीमीटर. तरीही साध्या मोबाइलपेक्षा तो पुष्कळ मोठा, म्हणून कमी उजेडात चित्र बरं येतं. तिघांनाही बाहेरचा माइक जोडायला भोक आहे. मग फरक कशात?

पहिला फरक भिंगात. व्ही१० चं भिंग १९ मिलीमीटरचं, झेडव्ही-१एफचं २० चं. हा आकडा जितका लहान, तितकं जास्त दृश्य मावतं. हात लांब करून स्वतःला टिपणाऱ्याला ते सोयीचं. पण या दोघांनाही भिंगाचा झूम नाही. झेडव्ही-१ चं भिंग २४ पासून ७० पर्यंत जातं. हातात धरला तर चेहराच चौकट भरून टाकतो, आणि हादरे कमी करण्याची सोय चालू केली की कडा आणखी कापल्या जातात. रस्त्याने चालत बोलणाऱ्याला हा कॅमेरा मी सुचवणार नाही. त्याने डीजेआयचा पॉकेट ३ बघावा, त्याचं भिंग दांड्यावर आपोआप तोल सांभाळतं.

पण आमचे दादा चालत नाहीत, मांडी घालून बसतात. त्यांच्या बोटांजवळ कॅमेरा नेला की ते अवघडतात, आणि हात थांबतो. चार फुटांवरून ती बोटं आणि ती घोडी दिसायला झूम हवा. भाचा कुरकुरला, ‘‘मामू, मग माझा चेहरा नीट मावणार नाही.’’ मी म्हटलं, ‘‘बेटा, तुझा चेहरा बघायला अजून चाळीस वर्षं आहेत.’’

वापरलेला झेडव्ही-१ घेतला. घेताना भिंग उजेडात धरून डाग पाहिले, माइकच्या भोकात माइक घालून बोलून पाहिलं, झूम पुढेमागे करून पाहिला. बॅटरी छोटी, चित्रण करताना तासभरही पुरत नाही. म्हणून दुसरी घेतली. उरलेल्या पैशांत एक वायरचा माइक आणि तिपाई. कॅमेऱ्यावर सगळे पैसे उडवू नका, माइकसाठी आधी बाजूला काढा, हे मी कळकळीने सांगतो. धूसर चित्र माणूस सहन करतो, न कळणारा आवाज नाही करत.

दोन छोट्या गोष्टी. आपल्या विजेच्या दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल, तर कॅमेरा ‘पाल’वर ठेवा, सेकंदाला २५ चित्रं, आणि शटर एकपन्नासांशावर. दुसरं, आवाजाची पातळी आपोआपवर सोडू नका, हाताने ठरवा. ती सोय आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

मे महिन्यातल्या एका दुपारी पंखा बंद करून, दार लावून पहिलं चित्रण झालं. आम्ही तिघेही घामाने निथळत होतो. या कॅमेऱ्याला हेडफोनचं भोक नाही, म्हणून संध्याकाळी कॉम्प्युटरवर दादांना ऐकवलं. त्यांनी हेडफोनची उजवी बाजू कानावर दाबून धरली, डोळे मिटले. भाच्याचा श्वास अडकला होता. बऱ्याच वेळाने दादा म्हणाले, ‘‘जोडीतली एक तार किंचित उतरली होती. दुपारी माझ्या लक्षात आलं नाही.’’

चित्र कसं आलंय, हे त्यांनी विचारलंही नाही. उठले, तंबोरा मांडीवर घेतला आणि तार लावायला बसले. भाच्याने न बोलता पंखा बंद केला आणि तिपाई मांडली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)