थकलेल्या मनास विसावा

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत केलेलें भाषण)



ज्युबिली हा आनंदाचा सण होय. अशा प्रसंगीं मागील वर्षांचे उपकार आठवावे, ज्यांनीं या धर्मग्रामाचा पाया घातला त्यांचें स्मरण करावें आणि देवाचे आभार मानावे, ही रीतच आहे. तथापि ज्युबिली या शब्दाच्या मुळाशीं दुसराहि एक अर्थ आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासावें वर्ष आलें म्हणजे शिंग फुंकलें जाई. गरिबीपायीं दुसऱ्याच्या घरीं राबणारे मोकळे होत, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई आणि त्या वर्षीं पेरणी होत नसे. म्हणजे ज्युबिली हें थकलेल्या जमिनीच्या आणि थकलेल्या माणसांच्या विसाव्याचें वर्ष होतें. म्हणून सणासुदीस ज्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं, त्या मनाच्या थकव्याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आपणांस दूरचा नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या मराठवाड्यानें काय काय पाहिलें, तें आठवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत गारपिटीनें उभें रब्बी पीक झोडपलें. त्याच वर्षीं आणि पुढें २०१५ सालीं पावसानें पाठ फिरविली. १२ एप्रिल २०१६ रोजीं शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. २०१७ सालीं पाऊस झाला, तर गुलाबी बोंडअळीनें कापूस खाल्ला. २०२० सालीं महामारीनें बाजार बंद पाडले. आणि २०२५ च्या सप्टेंबरांत पाणी इतकें पडलें कीं जीं शेतें पावसासाठीं तळमळत, तींच पाण्याखालीं गेलीं. एक संकट सरलें म्हणून श्वास घ्यावा, तों दुसरें दारांत उभें.

बंधुभगिनींनो, दुःख आणि अनिश्चितता यांत एक भेद आहे. दुःखास तिथि असते. घरांत मृत्यु झाला म्हणजे शेजारी येतात, भाकरी येते, मिस्सा होतो, माणूस रडतो आणि हळूहळू सांवरतो. परंतु अनिश्चिततेस तिथि नसते. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी करावी कीं न करावी, विम्याचे पैसे येतील कीं न येतील, सावकार दिवाळीपर्यंत थांबेल कीं न थांबेल, अशा वाट पाहण्यांत कोणी सांत्वनास येत नाहीं; कारण अद्याप कांहीं घडलेलेंच नसतें. आणि हें केवळ शेतकऱ्याचेंच नव्हे. नोकरीच्या परीक्षेस चौथ्या वर्षीं बसणारा तरुण, ऊसतोडीस गेलेल्या घरधन्याच्या निरोपाची वाट पाहणारी बाई, अंथरुणास खिळलेल्या आईची वर्षानुवर्षें सेवा करणारी मुलगी, या सर्वांचें ओझें तेंच आहे. प्रथम झोंप जाते. मग अन्नाची चव जाते. क्षुल्लक शब्दानें राग येतो. बाजारांत, देवळांत, सोयऱ्यांच्या लग्नांत जाणें नकोसें होतें. प्रार्थनेस बसावें तर शब्द सुचत नाहींत. आणि अखेरीस मनुष्य स्वतःसच दोष देऊं लागतो कीं, आपलीच श्रद्धा कमी पडली.

हा शेवटचा विचार खोटा आहे, एवढेंच आज आम्हांस मुख्यतः सांगावयाचें आहे. थकवा म्हणजे अश्रद्धा नव्हे.

याचा दाखला एलीया संदेष्ट्याच्या चरित्रांत आहे, आणि तें चरित्र दुष्काळाचेंच आहे. तीन वर्षें पाऊस नाहीं, ओहोळ आटलेले, सारफथ गांवच्या विधवेच्या घरीं मूठभर पीठ. हें सारें त्यानें सोसलें. कर्मेल डोंगरावर त्याचा जय झाला, पाऊसहि पडला. आणि आश्चर्य हें कीं, त्यानंतर तो खचला! राणीनें जिवे मारण्याची धमकी देतांच तो रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसला आणि मरण मागूं लागला. संकटांत ताठ उभा राहिलेला मनुष्य संकट ओसरल्यावर कोसळतो, हें तुम्हींहि आपल्या घरांत पाहिलें असेल.

आतां देवानें काय केलें, तें पाहा. त्याची कानउघाडणी केली नाहीं. त्यास मागील चमत्कारांची आठवणहि दिली नाहीं. एलीया झोंपला, त्यास झोंपूं दिलें. देवदूतानें त्यास स्पर्श करून उठविलें; उशापाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें होतें. तो जेवला आणि पुन्हां झोंपला. देवदूत दुसऱ्यानें आला आणि त्यास पुन्हां जेऊं घातलें, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोंचला, तेव्हां कोठें देवानें त्यास विचारलें, आणि त्याचें गाऱ्हाणें दोनदां ऐकून घेतलें. मग काम दिलें, अलीशा हा सोबती दिला, आणि तूं एकटा नाहींस, तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत, हें कळविलें. झोंप, भाकर, ऐकणारा कान, झेपेल इतकें काम आणि सोबत, असा हा क्रम आहे. आपण बहुधा याच्या उलट करतों. प्रथम उपदेश करतों, आणि भाकरीची आठवण अखेरीस होते.

यावरून कांहीं व्यवहाराच्या गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, शरीराची हेळसांड करूं नये. वेळेवर जेवावें, रात्रीं निजावें, आणि झोंपेसाठीं दारूचा आधार घेऊं नये. ती झोंप देते असें भासवून झोंप चोरते. दुसरी अशी कीं, मन अंधारांत असतांना मोठा निर्णय करूं नये. संत इग्नाती लोयोला यांनीं आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथांत, ज्यास १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांनीं मान्यता दिली, हाच नियम घालून दिला आहे कीं, उदासीनतेच्या काळीं पूर्वींचा निश्चय बदलूं नये. शेत विकणें, शिक्षण सोडणें, घर सोडणें, हे विचार मनांत येतील. त्यांस उत्तर द्यावें कीं, उजाडल्यावर पाहूं. तिसरी अशी कीं, जें आपल्या हातीं नाहीं आणि जें आज हातीं आहे, यांची वांटणी करावी. पाऊस आपल्या हातीं नाहीं. आज बैलास पाणी पाजणें, बँकेंतील कागदाची चौकशी करणें, मुलाचा अभ्यास घेणें हातीं आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड: तोंड उघडावें. आपल्याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या संत जनाबाईविषयीं लोक सांगतात कीं, तिच्यासवें दळावयास देव स्वतः जात्यापाशीं बसे. पूर्वीं आपल्या आयाबाया पहाटे दोघी मिळून दळीत आणि मनांतलें दुःख ओवींत घालीत. गिरण्या आल्या, हातांचे कष्ट वांचले. परंतु दुःख बोलण्याची ती जागाहि गेली. पुरुषांना तर तशी जागा फारशी नव्हतीच.

येथें एक जड गोष्ट बोलणें भाग आहे. या जिल्ह्यांत अनेक घरांतील कर्ता पुरुष स्वतःच्या हातानें गेला. अशा घराकडे लोक बोट दाखवितात आणि विधवा मान खालीं घालून चालते. १९१७ च्या धर्मविधानाप्रमाणें, जाणूनबुजून आत्महत्या करणारास ख्रिस्तसभेचा दफनविधि नाकारला जात असे. १९८३ च्या विधानांत ती बंदी उरली नाहीं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, मनाचा गंभीर विकार, तीव्र वेदना वा भय यांनीं मनुष्याची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाची आशा सोडूं नये. देशाचा कायदाहि २०१७ सालीं बदलला. ज्यानें असा प्रयत्न केला तो असह्य ताणाखालीं होता असें मानून त्याची शुश्रूषा करावी, असें तो सांगतो. देव आणि कायदा जेथें दया करतात, तेथें आपण न्यायाधीश कां व्हावें?

म्हणून कोणी वारंवार म्हणूं लागला कीं, मी नसतों तर बरें झालें असतें, तर तें हंसण्यावारीं नेऊं नका. त्यास एकटें सोडूं नका. जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो काय, असें प्रेमानें उघड विचारा. विचारल्यानें तो विचार वाढत नाहीं, उलट ओझें हलकें होतें. त्यास डॉक्टरांकडे न्या. मनाचें औषध घेणें हें ज्वराचें औषध घेण्याइतकेंच निर्दोष आहे. २०२२ सालीं भारत सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथें रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक घरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आपल्या काळ्या जमिनीचा गुण तुम्ही जाणतां. उन्हाळ्यांत तिला हातभर भेगा पडतात. पहिला पाऊस पडतो, तेव्हां वर कांहीं दिसत नाहीं. सारें पाणी भेगांत उतरतें. तें वायां गेलें असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. थकलेल्या मनाचें तसेंच आहे. तुम्हीं नेलेली भाकर, तुम्हीं दिलेली घटकाभर सोबत, हीं लगेच उगवून दिसणार नाहींत. तरी जात रहा.

हा मंडप उद्यां उतरेल, पताका निघतील. त्यानंतरच्या आठवड्यांत आपणांपैकीं प्रत्येकानें अशा एका घरीं जावें, जेथील माणूस बरेच दिवस देवळांत दिसला नाहीं. उपदेश घेऊन जाऊं नये; भाकर घेऊन जावें आणि ऐकावें. ज्युबिलीचें शिंग त्या घरांतहि ऐकूं जावो, हीच आमची प्रार्थना.