एका मताचे मोल

संसदीय लोकशाहीत प्रत्येक मताला मोल असते, हे १७ एप्रिल १९९९ रोजी देशाने अनुभवले. लोकसभेत श्री. अटलबिहारी वाजपेयी यांच्या आघाडी सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९, तर विरोधात २७० मते पडली. एका मताने सरकार गेले. मात्र विरोधात एकवटलेल्या पक्षांना पर्यायी सरकार स्थापता आले नाही. लोकसभा विसर्जित झाली आणि निर्णय पुन्हा मतदारांच्या हाती आला.

अनेक पक्ष असणे हा लोकशाहीचा दोष नव्हे. विविधतेने नटलेल्या देशाचे ते प्रतिबिंबच होय. परंतु सरकार पाडण्यास केवळ विरोध पुरतो, ते घडविण्यास समान कार्यक्रम लागतो. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे : आपण कोणाच्या विरोधात आहात हे समजले, कोणत्या कार्यासाठी आहात?