शुश्रूषेची विद्या



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. त्यांपैकी उपस्थाता, म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारा, याच्या अंगी जे चार गुण असावेत त्यांत उपचारांचे ज्ञान पहिले, दक्षता दुसरी, अनुराग तिसरा आणि शुचिता चौथी आहे. चरकाने वैद्याला प्रधान मानले हे खरेच. पण गुणांचा हा क्रम मला विचार करावयास लावतो, कारण आपण परिचारिकेची स्तुती करू लागलो की अनुरागापासून आरंभ करतो, बहुधा तेथेच थांबतो, आणि तिच्या ज्ञानाची दखल घ्यावयाची राहून जाते.

वकील, अध्यापक, डॉक्टर यांच्यानंतरच्या पंगतीस या व्यवसायाला बसावे लागले, याचे मूळ सोवळ्याओवळ्यात आहे. रक्त, व्रण, मलमूत्र यांचा स्पर्श आणि परक्या पुरुषाची सेवा, तीही रात्रपाळीस, हे कुलवतीचे काम नव्हे अशी दृढ समजूत होती. 1909 साली पुण्यात सेवासदनाची उभारणी करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी तरुण विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा या समजुतीला घरच्याच माणसाने दिलेला तो पहिला मोठा धक्का होता. आणि केशवपनाच्या धाकात वाढलेल्या मुलीच्या हाती स्वकष्टाचा पगार पडला, ही गोष्ट मी कोणत्याही परिषदेच्या ठरावापेक्षा थोर समजतो. आपल्या नगर जिल्ह्यात मिशनच्या दवाखान्यांतून ख्रिस्ती समाजाच्या कन्यांनी हेच काम निष्ठेने केले; त्यांचे ऋण आपण अद्याप पुरेसे मान्य केलेले नाही.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 साली सरकारास अहवाल सादर केला, त्या वेळी 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता आणि 43,000 लोकांमागे एक परिचारिका. म्हणजे सात डॉक्टरांच्या वाट्याला जेमतेम एक. पुढे 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि या शिक्षणास देशभर एकसारखी पात्रता ठरविण्याचा मार्ग खुला झाला.

आता आमच्या नेवासे तालुक्यातील सोनईकडे या. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, आणि त्या कोप्यांतून लसीचा थंड डबा खांद्याला लावून फिरणारी नर्सबाई एखाद्या गर्भवतीची पापणी खाली ओढून आतला पांढुरका रंग पाहते, पायांवरची सूज बोटाने दाबून पाहते, रक्तदाब मोजते, आणि ही बाई आज उसाच्या फडात न जाता नगरच्या रुग्णालयात गेली पाहिजे असा निर्णय मुकादमाच्या तोंडावर देते. त्या क्षणी तिथे डॉक्टर नसतो. सपाटीच्या मुलखात 5,000 वस्तीमागे एक उपकेंद्र असा सरकारी दंडक आहे. त्या एवढ्या वस्तीत आजाराची पहिली चाहूल ओळखण्याची जबाबदारी मुख्यत्वे तिच्यावर असते, आणि ती ओळख केवळ दयाबुद्धीने येत नाही, शिकावी लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वर्षानुवर्षे कंत्राटी नेमणुकीवर राबणाऱ्या परिचारिकांना कायम करावे, उपकेंद्राच्या गावी राहण्याजोगे घर द्यावे, आणि आमच्या नेवासे तालुक्यातील ग्रामसभांत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा सरपंचांनी प्रथम नर्सबाईंचे म्हणणे ऐकून घ्यावे व ते इतिवृत्तात नोंदवावे.