देवाचें इमान आणि माणसाचें आमेन

परभणी जिल्ह्यांतील काळ्या जमिनींत राबणाऱ्या मनुष्यास श्रद्धा म्हणजे काय हें शब्दांनीं समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. मृग लागला आणि ढग उतरले, कीं घरांत जपून ठेवलेलें बियाणें तो मातीच्या स्वाधीन करतो. पुढें पाऊस पडेलच असा लेख त्याला कोणी लिहून दिलेला नसतो. कित्येक वर्षीं पहिली पेरणी वाया जाते; तरी चाड्यावर मूठ धरावयास तो पुन्हां उभा राहतोच. आजचा माझा विषय याहून फारसा दूरचा नाहीं. देव विश्वासू आहे असें ख्रिस्ती शास्त्र सांगतें. तें खरें असेल तर मनुष्यानें त्याला उत्तर काय द्यावें, आणि तें उत्तर राजीखुशीचें केव्हां म्हणावें, एवढाच विचार आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. बायबलाच्या जुन्या करारांत देवाच्या विश्वासूपणाला जो इब्री शब्द आहे तो ‘एमूना’. प्रार्थनेच्या शेवटीं ख्रिस्ती मंडळी जें ‘आमेन’ म्हणतात, तें त्याच धातूपासून निघालें आहे. आणि आपल्या मराठवाड्याच्या बोलींत रोज ऐकूं येणारा ‘इमान’ हा शब्द अरबींतून आला असला तरी त्याचें मूळहि तेंच. या तिन्ही शब्दांच्या मुळाशीं पक्केपणाचा, न डळमळण्याचा भाव आहे. ज्यावर भार टाकला असतां जें खचत नाहीं, तें इमानी. तेव्हां देवाची बाजू इमानाची आणि माणसाची बाजू आमेनाची. एक वचन देतो, दुसरा ‘तसेंच असो’ म्हणून त्यावर आपला भार टाकतो. आमेन म्हणजे नुसता पूर्णविराम नव्हे; तो होकार आहे.

परंतु येथें एक मोठी शंका उभी राहते, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. देव इमानी असेल, तर दुष्काळ कां पडतो? लेंकरूं आईच्या डोळ्यांदेखत कां मरतें? ही शंका नास्तिकांचीच आहे असें नाहीं. बायबलांतच ‘विलापगीत’ नांवाचा एक लहानसा ग्रंथ आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत बाबिलोनी सैन्यानें यरुशलेम उध्वस्त केलें. त्या नगरींतील उपासमार, प्रेतें आणि अनाथ मुलें यांचें वर्णन त्यांत आहे. आश्चर्य असें कीं देवाची करुणा रोज सकाळीं नवी होते ही घोषणा याच ग्रंथाच्या मध्यावर, तिसऱ्या अध्यायांत, येते. भरल्या खळ्यावर बसून नव्हे, तर जळालेल्या भिंतींच्या राखेंत उभें राहून कोणा कवीनें देवाच्या इमानाची साक्ष दिली आहे. म्हणून या साक्षीला वजन आहे.

आपल्या महाराष्ट्रांत या शंकेचा पुरा भार जिनें सोसला, अशी एक स्त्री होऊन गेली. पंडिता रमाबाईंचें नांव आपण सर्वांनीं ऐकलें आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व सनातनी ब्राह्मण. त्यांनीं आपल्या पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविलें, आणि हें कुटुंब वर्षानुवर्षें तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत हिंडलें. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. होतें नव्हतें तें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत संपलें. प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण, अशीं तिघें थोड्याच काळांत गेलीं. मागें राहिलीं तीं रमाबाई व त्यांचा भाऊ. पुढें दोघें पायीं, अर्धपोटीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. रमाबाईंनीं या उपासमारीची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. व्रतें, उपवास, जप हें सर्व करूनहि जिचे आईबाप अन्नावांचून गेले, त्या मुलीची श्रद्धा ढळावी यांत नवल तें काय?

कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला; ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. विवाह झाला, कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ सालीं पतीच्या निधनानें वैधव्य आलें. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. पुढील वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. बाप्तिस्मा घेतल्यावरहि रमाबाईंनीं आपली विवेकबुद्धि कोणाच्या हवालीं केली नाहीं. ज्या भगिनींनीं त्यांना धर्मशिक्षण दिलें, त्यांनाच त्यांनीं पत्रांतून निक्षून कळविलें कीं, पुरोहितांचें एक जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविल्यावर दुसरें जूं आपण घेणार नाहीं. याला कोणी उद्धटपणा म्हणेल. मी त्याला राजीखुशीच्या श्रद्धेची पहिली खूण म्हणेन. जिथें ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक नाहीं, तिथें ‘होय’ या शब्दाला किंमत नसते.

दुसरी खूण पुढें दिसली. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनीं, शारदासदन चालवीत असतां, रमाबाईंच्या ध्यानांत आलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाहीं. मतें पटलीं होतीं; भार मात्र अजून टाकला नव्हता. हा भेद त्यांनींच आपल्या आत्मनिवेदनांत स्पष्ट केला आहे. पूल भक्कम आहे असें नदीकांठीं उभें राहून म्हणणें निराळें, आणि त्या पुलावरून पलीकडे जाणें निराळें. पहिलें मत, दुसरी श्रद्धा.

त्यांनीं तो भार टाकला याचा पुरावा कशांत पहावा? ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस सुरू केलेलें शारदासदन पुढल्या वर्षीं पुण्यास आलें; पण १८९३ सालीं धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. १८९६-९७ सालीं मध्य प्रांतांत घोर दुष्काळ पडला. ज्या बाईनें स्वतः भूक पाहिली होती ती स्वस्थ बसली नाहीं. तिनें तिकडे जाऊन शेंकडों मुली आणल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध आले, तेव्हां त्यांना केडगांवच्या शेतावर नेलें. तेंच मुक्ति मिशन. संस्थेस अमेरिकेंतील मंडळाकडून मदत येत असे. तिची दहा वर्षांची मुदत १८९८ सालीं संपली. पुढची बेगमी नक्की नसतांना घर लहान करावें, कीं मोठें? शहाणपणाचा हिशेब एक सांगत होता. रमाबाईंनीं दुसरें केलें. १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतूनहि मुली आल्या, आणि मुक्तींतील माणसांची संख्या हजारावर गेली. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, आंधळ्या स्त्रियांना बोटांनीं वाचावयास शिकविलें. प्रार्थना आणि कुदळ हीं तेथें एकाच हातांत होतीं.

श्रोतेहो, याचा अर्थ असा मात्र करूं नये कीं विश्वास ठेवला म्हणजे हानि होत नाहीं. दुष्काळांतून आणलेल्या मुलींपैकीं कित्येक वांचल्या नाहींत. मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. परभणीप्रमाणेंच त्या काळीं निजामाच्या राज्यांत असलेल्या गुलबर्ग्यास रमाबाईंनीं काढलेली मुलींची शाळा त्यांनीं चालविली. त्या जुलै १९२१ मध्यें वारल्या. रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषा शिकून मूळावरून बायबलाचें मराठी भाषांतर चालविलें होतें. मुलीच्या मागें त्या तेंच काम करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. पहिल्या दुष्काळानें त्यांचे आईबाप नेले, तेव्हां त्यांची श्रद्धा ढळली; शेवटच्या वर्षीं एकुलती एक मुलगी गेली, तेव्हां ढळली नाहीं. मधल्या काळांत देवाविषयींची त्यांची समजूत बदलली होती. पूर्वीं देव म्हणजे अनुष्ठानाचें फळ देणारा. आतां देव म्हणजे हात न सोडणारा. फळ आलें नाहीं तर पहिल्या देवावरील विश्वास मोडतो. दुसऱ्यावरील विश्वास रडतो, पण मोडत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. अन्न देऊन धर्म दिला, असा आक्षेप मिशनांवर पुष्कळांनीं घेतला; आणि तो सरसकट झिडकारण्यासारखा नाहीं. भुकेल्याचा होकार खरोखर मोकळा असतो काय? १८४३ सालीं मुंबईंत हाच प्रश्न न्यायालयापुढें आला होता. नारायण शेषाद्री या तरुणानें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. तो अल्पवयी म्हणून न्यायालयानें त्यास बापाच्या ताब्यांत दिलें. नारायण शेषाद्री पुढें आपल्या शेजारच्या जालन्यास आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनीं तेथें ‘बेथेल’ नांवाचें गांव वसविलें. त्या भावांच्या खटल्यांतून एक धडा घेण्यासारखा आहे: होकार ज्याचा त्यानेंच द्यावयाचा असतो, तो बापानेंहि देऊं नये, मिशनरीनेंहि उकळूं नये.

या बाबतींत टिळक दांपत्याचें उदाहरण मला फार मोलाचें वाटतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. चार-पांच वर्षें पतिपत्नी दुरावलीं. पुढें त्या पतीकडे रहावयास आल्या त्या आपलें सोंवळें, आपला निराळा स्वयंपाक संभाळूनच. आणि टिळकांनीं तें चालूं दिलें. जातिभेद देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, हें लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचारानें एक दिवस उमगलें, आणि मग १९०० च्या सुमारास त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्याला कळतें कीं हा होकार उसना नव्हता. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें टिळक म्हणत. ज्या जिल्ह्यांत गंगाखेडास जनाबाईंचा जन्म झाला, तेथल्या श्रोत्यांना हें नवल वाटूं नये. देव दळणाच्या जात्यापाशीं येऊन बसतो, हें या गोदाकांठीं कोणास शिकवावें लागत नाहीं.

शेवटीं एकच सांगतों. आपल्या मराठवाड्यांत आजहि पाऊस दगा देतो, कर्जाचा तगादा लागतो, आणि कित्येक घरांतला कर्ता पुरुष निराशेनें स्वतःचा जीव देतो. अशा घरीं जाऊन ‘देवावर विश्वास ठेवा, सर्व ठीक होईल’ एवढें म्हणून परतणें म्हणजे देवाचें नांव फुकट खर्च करणें होय. त्या घरीं बसावें, त्यांचें ऐकावें, पेरणीच्या दिवशीं आपली औत-जोडी त्यांच्या शेतांत न्यावी, मुलांच्या वह्यापुस्तकांचा भार उचलावा. देव इमानी आहे ही गोष्ट दुःखी मनुष्यास बहुधा दुसऱ्या मनुष्याच्या इमानावरूनच प्रथम कळते. केडगांवच्या मुलींना ती तशीच कळली. मुक्ति मिशन आजहि तेथें चालूं आहे.

देवाचें वचन आपल्या बळावर उभें नाहीं. आपण डळमळलों तरी तो आपल्या स्वभावाला सोडीत नाहीं, असें पौलानें तीमथ्याला लिहिलें. म्हणून आपला होकार दुबळा असला तरी लाजूं नये. तो आपला असावा, मोकळा असावा, आणि ओठांवरून हातांपर्यंत पोहोंचावा. एवढें झालें म्हणजे ‘आमेन’ म्हणण्याचा अधिकार आपणांस आला.