कुत्र्याचा नंबर



कुत्र्याच्या कातडीखाली बसवायच्या चिपवर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण नंबराशी आमचा संबंध जुना आहे.

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात बॅटरी नाही. वाचनयंत्र जवळ धरले म्हणजे त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि आपला १५ आकडी नंबर सांगते, बस्स! कुत्रे कोठे आहे हे सांगत नाही, मालकाचे नावही नाही. ते दूरच्या नोंदवहीत. इंग्लंडात एप्रिल २०१६ पासून ८ आठवड्यांवरील पाळीव कुत्र्याला ती सक्तीची झाली. मात्र बदललेला पत्ता कळवणे मालकाकडेच.

खरी गोम येथे आहे. आमच्या युनियनच्या वहीत सभासदांचे नंबर चोख होते. एका दिवाळीला धाडलेली पत्रे गठ्ठ्याने परत आली. माणसे खोल्या सोडून गेली होती, आम्ही विचारले नव्हते. एका विधवेचे देणे त्यापायी दोन वर्षे पडून राहिले.

तेव्हा चिप बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा, नोंद कोणाकडे, आणि घर बदलल्यावर कळवायचे कोठे? आणि गळ्यातला पट्टा काढू नका. रस्त्यावरच्या माणसापाशी वाचनयंत्र नसते.