प्रेक्षक रिंगणात उतरतो तेव्हा
(कोल्हापूर येथील कार्यकर्ता शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि सारे कोल्हापूर हळहळले. ते स्वाभाविकच होते. शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९१५ साली उभी राहिलेली ती वास्तू या नगरीचे भूषण होती. परंतु त्याच काळात आसपासच्या खेड्यापाड्यांतून दुसरीही एक रंगभूमी नांदत होती. तिला ना छप्पर होते, ना खुर्च्या. ती म्हणजे सत्यशोधक जलसा.

जोतीरावांनी १८५५ मध्येच 'तृतीय रत्न' लिहून नाटक हे प्रबोधनाचे हत्यार होऊ शकते, हे ओळखले होते. जलसेकारांनी पुढे तमाशाचा रांगडा साचा घेतला, त्यातील शृंगार गाळला आणि वगात सावकार, भटजी, कुलकर्णी उभे केले. कुळाला सावकाराच्या वहीतील नोंद वाचता येत नव्हती. पण फडावरचा सावकार त्याला बरोबर ओळखता येत होता. ही परंपरा अनेक वळणे घेत आंबेडकरी जलशांपर्यंत, अण्णाभाऊ-अमरशेखांच्या लाल बावट्यापर्यंत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकापर्यंत आली. पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिले ते या कलापथकासाठी, आणि निळू फुले घडले तेही तेथेच.

एवढे सारे वैभव मान्य करूनही एक उणीव सांगितली पाहिजे. या सर्व प्रयोगांत उत्तर आधीच लेखकाच्या खिशात असे. प्रेक्षक हसे, त्याला पटे, आणि तो घरी जाई. पुढे पक्षांनी तर कलापथकाला पुढाऱ्याचे भाषण सुरू होईपर्यंत गर्दी धरून ठेवण्याच्या कामाला जुंपले.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांना ही उणीव फार अपमानास्पद रीतीने कळली. ईशान्य ब्राझीलमधील शेतकऱ्यांसमोर त्यांच्या चमूने जमिनीसाठी रक्त सांडण्याचे आवाहन करणारा प्रयोग केला. प्रयोग संपल्यावर एक शेतकरी भारावून पुढे आला व म्हणाला, तुमच्या बंदुका घेऊन आमच्याबरोबर चला, जमीनदाराच्या माणसांना हुसकावू. नटांना सांगावे लागले की बंदुका लाकडी आहेत. मग सांडायचे ते रक्त कोणाचे, हे त्या शेतकऱ्याला उमगले. जो धोका आपण पत्करणार नाही तो पत्करण्याचा उपदेश दुसऱ्याला करू नये, हा धडा बोआल यांनी आयुष्यभर जपला. पुढे १९७३ मध्ये पेरूमध्ये, नवऱ्याने फसवलेल्या बाईने काय करावे या प्रश्नावर नटांनी दाखवलेले उत्तर न पटल्याने प्रेक्षकांतील एक स्त्री स्वतःच मंचावर चढली आणि तिने झाडू हाती घेतला. तेथून प्रेक्षकाने पात्राची जागा घेऊन उत्तर शोधण्याची पद्धत रूढ झाली. बोआल रिओचे नगरसेवक (१९९३ ते १९९६) असताना अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांचे तेरा कायदे झाले. कामगार पक्षाचा माणूस होता तो. पण मसुदा पक्ष कार्यालयात बसून केला नाही.

महाराष्ट्रातही याच्या जवळपास जाणारी गोष्ट घडली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्य उभे केले. नट म्हणून कोणी व्यावसायिक आणला नाही. कार्यकर्तेच चौकात गोल करून उभे राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा चौकात उभे राहणे म्हणजे काय, हे येथल्या कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

आता प्रश्न पुढच्या पावलाचा. गाळप हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर या जिल्ह्यात येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा. जलशातील सावकार गेला, उचल राहिली. समजा, फडातील बाई मुकादमाकडे हिशेब मागते, येथे प्रयोग थांबवला आणि पुढे काय, असे विचारले. प्रेक्षकांत मजूर असतील तसा शेतकरीही असेल. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच उसाच्या बिलातून कापला जातो, वर तोड लवकर मिळावी म्हणून त्याला खुशाली मोजावी लागते. तोडणीचा दर वाढवा म्हणताच तो उठून बोलेल, आणि कडाडून बोलेल. व्यासपीठावरून 'शेतकरी-शेतमजूर एकजूट' ही घोषणा सोपी असते, कारण तेथे हे दोघे समोरासमोर येत नाहीत. कारखान्याचा वाटा किती, मुकादमाचा किती, हे दोघांनी एकाच रिंगणात मांडल्याखेरीज त्या घोषणेला अर्थशास्त्रीय पाया मिळणार नाही.

पक्षाच्या शाखांनी हा प्रयोग येत्या हंगामात करून पाहावा. तालमी खोपीवरच घ्याव्यात, मुकादमाची भूमिका मजुरालाच द्यावी. ती तो कोणत्याही नटापेक्षा सरस करील. आणि प्रयोगानंतर पुढाऱ्याचे भाषण ठेवू नये. पुढारी आलाच तर त्याने वही घेऊन खाली बसावे.