सिरॅमिकमधून धावणारा लिथियम

आपल्या मोबाईलच्या बॅटरीत लिथियमचे आयन पेट घेऊ शकणाऱ्या द्रवातून ये-जा करतात. तेच आयन टणक, कोरड्या सिरॅमिकमधूनही धावू शकतात, हे मला फार विलक्षण वाटतं. अशा एका सिरॅमिकमध्ये ऑक्सिजन, लँथॅनम आणि झिर्कोनियमचा सांगाडा जागचा हलत नाही; मात्र लिथियमच्या काही जागा रिकाम्या असतात. उष्णतेने थरथरणारा आयन अरुंद फटीतून शेजारच्या रिकाम्या जागेत उडी घेतो. सगळे आयन ठरावीक क्रमाने बसले, की वाटच अडते. हा क्रम मोडावा म्हणून त्यात थोडं अॅल्युमिनियम मिसळतात. मुरुगन, तंगदुराई आणि वेप्नर यांनी २००७ मध्ये हे सिरॅमिक जगापुढे आणलं. नागपूर विद्यापीठातही अशा घन आयनवाहकांवर संशोधन झालं आहे. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनो, या विषयाकडे जरूर वळा.